घरी बांधलेलं विमान आणि पुराव्याची वही

घरी विमान बांधता येतं का? येतं. मुंबईत चारकोपला एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या मैदानावर 'मेक इन इंडिया' सप्ताहात हजारो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पण त्याची उड्डाण चाचणी झाली ती २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. मधल्या चार वर्षांत काय चाललं होतं?

पीएचडीला नाव नोंदवायच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारून बघावा. कारण घरगुती विमानांचा इतिहास हा 'मी केलं' या वाक्यापासून 'हे झालं, आणि हा त्याचा पुरावा' या वाक्यापर्यंतच्या अंतराचा इतिहास आहे. थीसिसमध्ये आपल्यालाही नेमकं तेवढंच अंतर कापायचं असतं.

आधी आपल्या घरचा दावा

मराठी माणसाला विमान म्हटलं की शिवकर बापूजी तळपदे आठवतात. गोष्ट तुम्हालाही माहीत असेल: १८९५ साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं मानवरहित विमान सुमारे १५०० फूट उंच गेलं, सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे बघायला होते, 'केसरी'त बातमी आली. २०१५ मध्ये यावर हिंदी चित्रपटही आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि मोठा वाद झाला.

आता संशोधक म्हणून ही गोष्ट हातात घ्या. बातमी 'केसरी'त आली म्हणतात, तर अंकाची तारीख कुठली, पान कुठलं? यंत्राचं वजन किती, इंजिन कुठलं, इंधन काय? ही गोष्ट सांगणाऱ्या बहुतेक लेखांत ही माहिती नसते. एका लेखाचा आधार दुसरा लेख, दुसऱ्याचा तिसरा. अशा दहा लेखांची बेरीज दहा पुरावे होत नाही, एकच होतो.

या विद्येचा आधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचं नाव घेतात. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. त्यांनी टिंगल केली नाही, सरळ पद्धत लावली. भाषा तपासली, ग्रंथ कुठून आला ते शोधलं, आकृत्यांवर वायुगतिकीची गणितं केली. निष्कर्ष असा की मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि वर्णन केलेलं एकही यान उडू शकत नाही. ग्रंथ सांगणारे सुब्बराय शास्त्री यांच्या आत्मचरित्राचा हवालाही त्यात आहे: त्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी नमुने बनवले, पण एकही उडवता आला नाही.

हे वाचून वाईट वाटतं, मान्य. पण गोष्ट आणि पुरावा यांची कामं वेगळी असतात. आमच्या हिरकणीवाडीचंच बघा. बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरणाऱ्या हिरकणीची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, वर गडावर तिच्या नावाचा बुरूज आहे, आणि लोककथा म्हणून ती भक्कम उभी आहे. पण वाडीतून गडावर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात बसताना तुम्ही गोष्टीवर विसंबत नाही. दोर तपासलेला आहे, यावर विसंबता. विमान हे रोपवेच्या जातीचं आहे.

सायकलच्या दुकानातली प्रयोगशाळा

राईट बंधूही घरगुतीच. पदवी नाही, अनुदान नाही, डेटनला सायकलचं दुकान. १९०० आणि १९०१ ची त्यांची ग्लायडर गणिताने सांगितलेल्या उचलेपेक्षा बरीच कमी उचल देत होती. इथे बहुतेकांनी 'हवा चांगली नव्हती' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी संशय घेतला तो छापील आकड्यांवर. हवेच्या दाबासाठी वापरला जाणारा 'स्मीटन गुणांक' तेव्हा ०.००५ धरायचे. तो दीडशे वर्षं जुना होता आणि सगळे तोच उतरवून घेत होते. राईट बंधूंच्या मोजमापांतून तो ०.००३३ च्या आसपास निघाला, म्हणजे मूळ आकडा दीडपट फुगलेला!

मग त्यांनी साधारण सहा फूट लांबीचा लाकडी वायुबोगदा बनवला, करवतीच्या पात्यांपासून तराजू केले आणि पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने तपासले. १९०२ चं ग्लायडर या आकड्यांवर उभं राहिलं, आणि १७ डिसेंबर १९०३ चं विमानही. त्या दिवशी चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं, शेवटचं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. छायाचित्र आहे, साक्षीदार आहेत, टिपणवही आहे. तरीही युरोपचा विश्वास बसला तो १९०८ मध्ये, फ्रान्समध्ये त्यांनी जाहीर उड्डाणं केल्यावर. पुरावा असूनही तो लोकांसमोर तपासायला ठेवेपर्यंत काम पूर्ण होत नाही.

एकाला जमलं, दुसऱ्याला का नाही?

फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये एक छोटं विमान उडवलं आणि १९३४ मध्ये ते कसं बांधायचं याचं पुस्तक काढलं. इंग्रजीत ते 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडती पिसू, म्हणून गाजलं. सुतारकाम येणाऱ्या कुणीही करावं, इतकं सोपं. युरोपभर लोकांनी बांधायला घेतलं. आणि माणसं मरू लागली.

मिन्ये स्वतः तेच विमान उडवत होते, मग दोष कुणाचा? नवख्यांचा, असं म्हणणं सोपं होतं. शेवटी पूर्ण आकाराची विमानं फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या वायुबोगद्यांत ठेवून तपासली गेली. मागचा पंख पुढच्या पंखाच्या इतका जवळ होता की विमानाने ठरावीक कोनापेक्षा जास्त नाक खाली घातलं तर दोन्ही पंखांवरच्या प्रवाहांची गल्लत व्हायची आणि दांडा कितीही ओढला तरी नाक वर येत नसे. दोष रचनेत होता. मिन्ये त्या कोनात गेलेच नसावेत. आपल्या भाषेत सांगायचं तर एका प्रयोगकर्त्याचा निकाल पुनरावृत्तीत कोसळला, कारण प्रयोगाच्या मर्यादा कुठे आहेत हे कुणी तपासलंच नव्हतं.

किट आलं, नियम आले

पुढे अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. १९७० च्या दशकापासून रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांच्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट'सारख्या कंपन्यांनी किट लोकप्रिय केली. किट म्हणजे कापलेले पत्रे, भोकं पाडलेले भाग, नकाशे आणि हजारो रिव्हेट. इंजिन, पंखा आणि उपकरणं बहुधा वेगळी घ्यावी लागतात. नवख्याने सुरुवात शेपटीपासून करायची असा रिवाज आहे. भाग लहान, पैसा कमी, आणि बिघडला तर परत करता येतो.

तिथला नियम असा की विमानाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी, बांधलेला हवा. तो बांधलाय हे दाखवायचं कशाने? वहीने. रोज काय केलं, किती तास लागले, फोटो. तपासनीस विमानाबरोबर ही वहीसुद्धा बघतो. त्यानंतरही साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणं करायची, प्रवासी न घेता. आणि विमानावर 'एक्स्पेरिमेंटल' असा शब्द ठळक लिहायचा. मला हा शब्द फार आवडतो. निष्कर्षाबरोबर त्याची मर्यादाही लिहिलेली.

संस्थेचा रस्ता आणि गच्चीचा रस्ता

आपल्याकडे दुसरा रस्ताही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे पीएचडीला गेले, परत येऊन हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले आणि 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. त्यांच्यामागे प्रयोगशाळा होती, कारखाना होता, तपासणारे सहकारी होते.

यादवांकडे यातलं काही आयतं नव्हतं. विमानाचं नाव टीएसी-००३, म्हणजे हा तिसरा प्रयत्न. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएने व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने नोंदणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला. मग धुळे. हा काळ लाल फितीचा म्हणून सांगितला जातो आणि त्यात तथ्यही आहे, कारण जिथे घरगुती विमानं रोज येत नाहीत तिथे ती तपासायची घडीच बसलेली नसते. पण तपासणीच नको, असा अर्थ त्यातून काढू नका. तपासणी नसेल तर काय होतं ते मिन्येच्या वाचकांनी दाखवून दिलंय.

तुमच्या टेबलासाठी

विषय कुठलाही असो, या इतिहासातून चार गोष्टी उचला. पहिली, वही पहिल्या दिवसापासून आणि तारखेसकट लिहा. महिन्याने आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते. दुसरी, तुमच्या क्षेत्रातला 'स्मीटन गुणांक' शोधा, म्हणजे सगळे वापरतात पण कुणी मोजत नाही असा आकडा. तिसरी, प्रयोग कुठे चालतो याबरोबर कुठे मोडतो तेही तपासा आणि लिहा. चौथी, शेपटीपासून सुरू करा. सिनॉप्सिसमध्ये अख्खं विमान मांडलं तरी पहिल्या सहा महिन्यांत एक छोटा भाग पूर्ण करून गाइडसमोर ठेवा.

आणि एखादा दावा फार आवडला, अगदी आपल्या माणसाचा असला, तर आधी अंकाची तारीख आणि पान विचारा. मिळालं तर आनंदच आहे, मग आपण सगळे मिळून तो अंक वाचू.