शून्याखालचा सांठा

यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांना जोडणारी अरुंद रुळांची आगगाडी वऱ्हाडांत 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली गेली. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकारानें, मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीं, हा मार्ग घातला गेला. त्यावर 1923 सालापासून धावूं लागलेलें वाफेचें इंजिन 1921 सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें होतें. 15 एप्रिल 1994 रोजीं त्यास निवृत्ति मिळून डिझेलचें इंजिन आलें. सत्तर वर्षांच्या या सेवेंत त्याच्या चालकांना ज्या एका वस्तूवरून नजर फार वेळ हलवितां येत नसे, ती म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणारी कांचेची उभी नळी.

या नळींतील पाणी दिसेनासें झालें म्हणजे बॉयलर कोरडा पडला, असें मात्र नव्हे. वाफेच्या इंजिनांत नळीचें खालचें टोंक भट्टीच्या माथ्यावरील पत्र्याहून मुद्दाम कांहींसें वर बसवितात. नळी रिकामी झाली तरी माथ्यावर थोडें पाणी उरावें आणि चालकाला सावध होण्यास अवधि मिळावा, हा त्यांतील हेतु. तो पत्रा उघडा पडला तर तापून मऊ होतो व वाफेच्या दाबाखालीं फुटतो. म्हणून त्यांत शिशाच्या गाभ्याचें एक बूचहि असतें. पाणी गेलें कीं शिसें वितळतें, आणि वाफ भट्टींत शिरून धोक्याची सूचना देते. सारांश, कांचेवरील शून्य हें खऱ्या शून्याच्या वर, विचारपूर्वक बसविलेलें असतें.

मोटारीच्या पेट्रोलमापकाचा कांटा शून्यावर टेकला असतां टाकींत किती तेल उरतें, हा प्रश्न याच दृष्टीनें पाहिला पाहिजे. 1908 ते 1927 या काळांत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीला असा कांटा बहुधा नसेच. टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. बैठक उचलावी, झांकण काढावें आणि लांकडी पट्टी बुडवून तेल मोजावें, अशी रीत होती. पट्टी खोटें बोलत नसे. परंतु तिचें सत्यहि अपुरें होतें. या गाडींत तेल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत असे. चढावर इंजिन उंच गेलें कीं टाकींत तेल असूनहि तें पुढें पोहोंचत नसे, आणि मग चालक गाडी उलटी फिरवून चढ मागच्या बाजूनें चढवीत. उरलेलें तेल आणि उपयोगांत येणारें तेल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा तेव्हांच मिळाला.

हिंदुस्थानांत 1941 सालीं युद्धामुळें पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि कित्येक मोटारी लांकडी कोळशाच्या वायूवर धावूं लागल्या. त्या दिवसांत टाकीच्या तळाशीं राहिलेल्या तेलाचें मोल सर्वांनाच उमगलें.

यानंतरची युक्ति म्हणजे राखीव सांठ्याचा कॉक. फोक्सवॅगनच्या 'बीटल' गाडींत 1961 पर्यंत हीच व्यवस्था होती. आणि पुण्यास 1972 पासून तयार होऊं लागलेल्या 'चेतक' स्कूटरनें ती महाराष्ट्राच्या घरोघरीं नेली. टाकींत तेल घेणारीं तोंडें दोन असतात, एक उंच व एक तळाजवळ. पातळी उंच तोंडाखालीं गेली कीं इंजिन गचके खातें. कॉक फिरविला कीं खालचें तोंड मोकळें होतें. 'गाडी रिझर्व्हला लागली' हा वाक्प्रचार तेव्हां मराठींत रुजला. येथें राखीव तेल चालकाच्या हातांत होतें. तथापि तेल भरल्यावर कॉक पूर्वस्थळीं आणण्याचें विस्मरण झालें, तर पुढच्या खेपेस कोणतीहि सूचना न मिळतां गाडी थांबे.

कांट्यानें ही जबाबदारी चालकाकडून काढून घेतली. तेलावर तरंगणारी एक पोकळ डबी खालींवर होते, तिच्या दांड्यामुळें विजेचा प्रवाह कमीअधिक होतो, आणि त्याप्रमाणें कांटा सरकतो. परंतु टाकीचा आकार वेडावांकडा असतो, वळणावर तेल हेलकावतें, चढउतारावर तें एका अंगास जातें. इतक्या अनिश्चिततेंत अचूक शून्य दाखविणें कठीण. म्हणून कारखानदार सामान्यतः शून्याखालीं कांहीं लिटर तेल ठेवतात, व त्यापूर्वींच सूचनेचा दिवा लावतात. हें प्रमाण प्रत्येक गाडीगणिक निराळें असतें. एका गाडीचा अनुभव दुसरीस लागू पडत नाहीं.

विमानांचा न्याय याहून वेगळा आहे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणें, उपयोगांत येण्याजोगें तेल संपेल तेव्हांच विमानाच्या मापकानें शून्य दाखवावें लागतें. तेथें शून्याखालीं भरंवशाचें असें कांहीं नाहीं. 23 जुलै 1983 रोजीं कॅनडांतील एका बोइंग 767 विमानाचे मापक बंद होते. तेल पट्टीनें मोजलें गेलें, पण वजनाच्या हिशेबांत किलोऐवजीं पौंडाचा आंकडा धरला गेला. उड्डाणांतच इंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं तें विमान तरंगत गिमली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें, आणि सर्वांचे प्राण वांचले.

जमिनीवरील चालकाला इतकी शिक्षा होत नाहीं, म्हणूनच तो अधिक धाडस करतो. यवतमाळहून पुसद-उमरखेडकडे जातांना डोंगरांतील चढउतारावर शून्याजवळचा कांटा कधीं वर उठतो, कधीं पुन्हां टेकतो. उठला म्हणून तेल वाढलेलें नसतें. शिवाय टाकींत बसविलेला विजेचा पंप भोंवतींच्या पेट्रोलनेंच थंड राहतो. नेहमीं तळ गांठणाऱ्या गाडीचा पंप लवकर झिजण्याचा संभव असतो. शकुंतलेच्या चालकाला नळीखालीं पाणी आहे हें ठाऊक होतें, परंतु त्या पाण्यावर पुढचें स्थानक गांठण्याचा हिशेब तो करीत नसे. शून्याखालचा सांठा असतो खरा. तो चुकीसाठीं ठेवलेला असतो, प्रवासासाठीं नव्हे.