तमाशाचे छायाचित्र : रचना आणि पुरावा

छायाचित्र हे इतिहासाचे साधन होय, हे आता सहसा कोणी नाकारीत नाही. परंतु साधन म्हटले की त्याची चिकित्सा ओघानेच आली. चालू असलेल्या गायनवादनाच्या छायाचित्राची चिकित्सा त्याच्या रचनेपासून करावी लागते. कारण चौकटीत काय घेतले व काय वगळले, यावरच त्याचे पुराव्याचे मोल ठरते. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत चालत आलेल्या तमाशाच्या आधारे हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव 'तमाशाची पंढरी' म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि पुढे भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५-२००२) यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक यात्रेची सुपारी देण्यास येतात.

तमाशाच्या रंगमंचाला स्वतःची मांडणी असते. पुढे गाणारी वा नाचणारी स्त्री, मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांचे वादक, त्यांच्यातच झीलकरी. पुढच्या गळ्याने उचललेली ओळ मागची रांग झेलते व वरच्या सुरात पुरी करते. मराठी वाक्याचा अर्थ जसा बहुधा अखेरच्या क्रियापदाशी पुरा होतो, तशी ही ओळ मागच्या रांगेत पुरी होते. म्हणून केवळ नर्तकीचे चित्र हे क्रियापद गाळलेल्या वाक्यासारखे असते. ते आकर्षक असेल. परंतु ढोलकीच्या कोणत्या बोलाला घुंगरांनी उत्तर दिले, हे त्यावरून कळत नाही.

ही गाळणूक नेहमीच हेतुपूर्वक झाली, असे मात्र नव्हे. तमाशा रात्रीचा, जुन्या फिल्मा मंद. छायाचित्रकाराला फ्लॅशचा आधार घ्यावा लागे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. १० फुटांवरील नर्तकीवर जितका प्रकाश पडतो, त्याचा चौथा हिस्साच २० फुटांवरील ढोलकीवाल्यापर्यंत पोचतो. परिणामी पुढची आकृती उजळते आणि मागची रांग काळोखात विरते. अशा चित्रावरून 'मागे कोणी नव्हते' असे अनुमान काढणारा अभ्यासक उपकरणाच्या मर्यादेलाच इतिहास समजतो. प्रेक्षकांची नजर स्त्रीदेहावर खिळलेली असे, हे कारणही यात मिसळलेले आहेच. अंधुक प्रकाशातही चित्र टिपणारी अलीकडची उपकरणे हाती आल्यावर पहिली सबब उरत नाही. दुसरी उरते, आणि ती छायाचित्रकाराची स्वतःची असते.

या दृष्टीने संदेश भंडारे यांचे 'तमाशा : एक रांगडी गंमत' (२००६) हे छायाचित्रांचे पुस्तक महत्त्वाचे ठरते. त्यांनी केवळ रंगमंच टिपला नाही. फडाचे पडद्यामागील जीवनही दृष्टीच्या टप्प्यात घेतले. तमाशा हा एका व्यक्तीचा आविष्कार नसून समूहाचे श्रम आहे, हे त्यामुळे दृश्यरूपाने सिद्ध होते.

यावरून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. रंगमंचासमोर मधोमध उभे राहिल्यास नर्तकीच वादकांना झाकते. बाजूने, तिरक्या रेषेत उभे राहिल्यास ढोलकीवरचा हात आणि पायातले घुंगरू एका चौकटीत येतात. उडीच्या शिखरावर देह क्षणभर स्थिरावतो, तो क्षण मंद प्रकाशातही स्पष्ट उमटतो. वादकाचा हात किंचित पुसट आला तर तो दोष मानू नये. लयीचीच ती खूण होय. आणि चित्राखाली फडाचे नाव, गाव, तारीख व कलावंतांच्या संमतीने त्या सर्वांची नावे लिहावीत. ढोलकीवाल्याचे नाव त्यात अवश्य असावे.

चांगल्या रचनेची कसोटी सौंदर्यापुरती नाही. पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्यास, आवाज ऐकू येत नसतानाही, कोण कोणाला साथ देत होते हे सांगता आले पाहिजे. तेवढे साधले, तर ज्यांच्या हातांनी तमाशा उभा राहिला त्यांची इतिहासातील जागा काळोखात जाणार नाही.