शांत जनरेटरचा इतिहास: कोलकात्याच्या लोडशेडिंगपासून सहलीच्या गाडीपर्यंत

प्रस्तावना

कॅराव्हॅन घेऊन सहलीला निघणारा ग्राहक दुकानात 'सायलेंट' जनरेटर मागतो. ही मागणी आज साधी वाटते. तिच्यामागे शहरातला अंधार, अभियांत्रिकीतली एक अडचण आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. या टिपणात आपण हा इतिहास कोलकात्याच्या उदाहरणावरून पाहू आणि शेवटी निवडीचे निकष ठरवू.

१. अंधार आणि गल्लीतले यंत्र

कोलकात्यात सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठीचे पहिले औष्णिक केंद्र १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये सुरू झाले. विजेच्या बाबतीत देशात आघाडीवर असलेले हे शहर १९७० आणि १९८० च्या दशकांत मात्र लोडशेडिंगसाठी ओळखले जाऊ लागले. मागणी वाढली, निर्मिती त्या प्रमाणात वाढली नाही आणि संच वारंवार बंद पडत.

रुग्णालये व मोठ्या कचेऱ्यांनी डिझेल जनरेटर बसवले. लहान दुकानदारांना ते परवडत नसे. त्यांच्यासाठी पेट्रोल व केरोसिनवर चालणारी, हाताने उचलता येणारी यंत्रे सोयीची होती. होंडाने असे यंत्र (ई-३००) जपानमध्ये १९६५ साली बाजारात आणले होते. भारतात १९८५ साली श्रीराम होंडा ही कंपनी स्थापन झाली आणि रुद्रपूरच्या कारखान्यातून अशी यंत्रे येऊ लागली. गल्लीत एकाने जनरेटर ठेवायचा, तारा ओढून शेजारच्या दुकानांना वीज द्यायची आणि दिव्यामागे पैसे घ्यायचे, असा धंदाही रुळला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैसे देणाऱ्याला प्रकाश मिळे; ज्याच्या खिडकीखाली यंत्र असे त्याच्या वाट्याला आवाज आणि धूर येई. खरेदी करताना त्या शेजाऱ्याला कोणी विचारत नसे. म्हणून आवाज कमी करण्याची घाई बाजारालाही नव्हती.

२. यंत्र गोंगाट का करते?

साध्या जनरेटरमध्ये इंजिन आणि विजेची वारंवारता एकमेकांना बांधलेली असतात:

वेग (फेरे प्रति मिनिट) = १२० × वारंवारता ÷ ध्रुवसंख्या

आपली वारंवारता ५० हर्ट्झ. दोन ध्रुवांच्या लहान यंत्राला त्यासाठी ३००० फेरे घ्यावेच लागतात. एक दिवा लावा किंवा दहा, वेग तोच राहतो. त्यामुळे थोड्या विजेसाठीही धुराड्याचा, पंख्याचा आणि कंपनांचा आवाज मोठाच राहतो.

३. नियम आले

१९९६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांसंबंधीच्या निकालात, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे तत्त्व मांडले. तो खटला जनरेटरचा नव्हता, पण शेजाऱ्याचा हक्क त्यातून स्पष्ट झाला. २००० सालच्या केंद्रीय ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशा मर्यादा आहेत. त्याच वर्षी पेट्रोल व केरोसिनच्या जनरेटरांसाठीही मर्यादा जाहीर झाली: १ सप्टेंबर २००२ पासून ध्वनिशक्ती पातळी ९० डेसिबल आणि एका वर्षाने ८६. डिझेल संचांना २००५ पासून आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची अट लागू झाली. म्हणजे शांतता आता उत्पादकाच्या जबाबदारीचा भाग झाली.

४. एक गणित

८६ डेसिबल ध्वनिशक्तीचे यंत्र मोकळ्या, कठीण जमिनीवर ठेवले आहे. तर अंदाजे

ध्वनिदाब पातळी = ८६ − २० लॉग (अंतर मीटरमध्ये) − ८

७ मीटरवर उत्तर सुमारे ६१ डेसिबल येते. दिवसाच्या ५५ साठी सुमारे १४ मीटर आणि रात्रीच्या ४५ साठी सुमारे ४५ मीटर अंतर लागते. उत्तर कोलकात्याच्या काही मीटर रुंद गल्लीत ४५ मीटर आणायचे कोठून? शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात. नियम पाळणारे यंत्रही शेजाऱ्याची झोप मोडू शकते, ते असे.

५. बांधलेली गाठ सुटली

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इन्व्हर्टर जनरेटर लहान आकारात रुळू लागले. यात इंजिनाकडून आलेल्या विजेचे आधी डीसीमध्ये रूपांतर होते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल ५० हर्ट्झची वीज तयार करते. वारंवारतेची जबाबदारी इंजिनावर राहत नाही, म्हणून भार कमी असेल तेव्हा इंजिनही हळू चालते. त्याला बंद आवरण आणि चांगला मफलर जोडला की २ केव्हीएच्या आसपासच्या यंत्राचा आवाज ७ मीटरवर साधारण ५० ते ६० डेसिबलमध्ये राहतो.

६. सहलीसाठी निवड

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. दिघ्याच्या किनाऱ्यावर किंवा कोकणात गाडी लावणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

• भार: दिवे, पंखा, लॅपटॉप व लहान फ्रिज यांना १ केव्हीए बहुधा पुरतो. एअर कंडिशनर असेल तर सुरू होतानाचा जादा प्रवाह धरून मोठे यंत्र घ्यावे.
• आवाजाचा आकडा: तो किती अंतरावर आणि किती भारावर मोजला, हे विचारावे. ध्वनिशक्ती आणि ध्वनिदाब यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.
• जागा: अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबल घटतो. मात्र यंत्र दुसऱ्याच्या तंबूकडे सरकवू नये. रात्री बॅटरी वापरावी.
• सुरक्षा: शांत यंत्रही कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. जनरेटर गाडीत, तंबूत किंवा छताखाली कधीही चालवू नये. धूर दारे-खिडक्यांपासून दूर जावा.

समारोप

इन्व्हर्टर तंत्राने इंजिनाचा वेग मोकळा केला आणि नियमांनी शेजाऱ्याला हिशेबात घेतले. मोकळ्या किनाऱ्यावर हे नियम तपासायला सहसा कोणी येत नाही. तेथे पलीकडच्या तंबूतल्या माणसाचा विचार यंत्र घेणाऱ्यालाच करावा लागतो.

स्वाध्याय

१. चार ध्रुवांच्या जनरेटरचा ५० हर्ट्झसाठीचा वेग काढा. असे यंत्र अधिक शांत असूनही हाताने उचलण्याजोग्या यंत्रांत ते कमी का आढळते?
२. ७ मीटरवर ५४ डेसिबल आवाज करणारे यंत्र किती अंतरावर ४५ डेसिबलवर येईल?