दिनविशेष : 16 एप्रिल
2022 : कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक

कोल्हापूर उत्तर विधानसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या जयश्री जाधव यांनी भाजपच्या सत्यजित कदम यांचा सुमारे 19 हजार मतांनी पराभव केला. फुटबॉलपटू आणि उद्योजक आमदार चंद्रकांत जाधव यांचे 2 डिसेंबर 2021 रोजी निधन झाल्याने जागा रिकामी झाली होती. 12 एप्रिलला मतदान झाले.

खरी गंमत उमेदवारीत होती. 2009 आणि 2014 मध्ये इथून शिवसेनेचे राजेश क्षीरसागर निवडून आले होते, तरी महाविकास आघाडीत ही जागा काँग्रेसला सुटली आणि हक्काचा मतदारसंघ मागणाऱ्या शिवसैनिकांना ‘हाता’चा प्रचार करावा लागला. जयश्रीताई पूर्वी भाजपच्या नगरसेविका; तर कदम 2014 मध्ये काँग्रेसचे उमेदवार! पेठापेठांतल्या फुटबॉलमध्येही खेळाडू इतक्या सहज संघ बदलत नसतील.

पालकमंत्री सतेज पाटील यांनी काँग्रेसची सूत्रे सांभाळली. समोर होते भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील, तेही याच जिल्ह्याचे. ‘कोल्हापुरातून हरलो तर हिमालयात जाईन’ अशा अर्थाचे त्यांचे जुने विधान विरोधकांनी निकालानंतर मिटक्या मारत उगाळले.

अडीच महिन्यांत आघाडीचे सरकार गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये जयश्रीताई एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत दाखल झाल्या आणि नोव्हेंबरात क्षीरसागर पुन्हा आमदार झाले.