क्रोएशियन व्यक्तिनामे : अर्थ आणि इतिहास

क्रोएशियातील व्यक्तिनामांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडण्याचा प्रघात आहे. तोमिस्लाव, झ्वोनिमिर, ब्रानिमिर यांसारखी स्लाव्ह धातूंपासून बनलेली नावे पहिल्या वर्गात येतात, तर इवान, मारिया, योसिप, लुका अशी ख्रिस्ती संतनामे दुसऱ्यात. त्यांपैकी पहिला वर्ग तेवढा स्वकीय आणि दुसरा परकीय, असेही पुष्कळदा मानले जाते. नावे कोणत्या काळी, कोणी आणि कशासाठी ठेवली हे पाहिले असता मात्र हा भेद टिकत नाही.

स्लाव्ह नावे बहुधा सामासिक असतात. ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. हे पद संस्कृत ‘श्रवस्’ या शब्दाचे सगोत्र असून दोन्हींच्या मुळाशी ‘ऐकणे’ हाच अर्थ आहे. देवश्रवस्, सुश्रवस् या वैदिक नावांची घडण याच जातीची होय. ‘मिर’ या उत्तरपदाचा अर्थ आज ‘शांती’ असा घेतला जातो. तथापि त्याचे प्राचीन रूप ‘थोर, विख्यात’ या अर्थाचे असावे, असे भाषाशास्त्र सांगते. पूर्वपद बहुधा क्रियावाचक असते. ब्रानिमिर यात ‘रक्षण करणे’, त्र्पिमिर यात ‘सोसणे’, तर द्र्झिस्लाव यात ‘धरून ठेवणे’ ही क्रिया आहे. दोमागोय या नावातील ‘दोम’ म्हणजे घर, आणि ते वैदिक ‘दम’ या शब्दाशी जुळते.

याहून वेगळा प्रकार म्हणजे अनिष्टनिवारक नावे. ‘वुक’ म्हणजे लांडगा, संस्कृत ‘वृक’. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे चेटकिणींनी बालकाच्या वाटेस जाऊ नये म्हणून हे नाव ठेवण्याची चाल दक्षिण स्लाव्हांत होती. प्रसिद्ध सर्बियन कोशकार वुक कारादजिच (1787-1864) यांचे नाव याच समजुतीतून ठेवलेले होते. महाराष्ट्रातील धोंडू, दगडू या नावांमागील भावना याहून निराळी नाही.

ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराबरोबर जुनी नावे तत्काळ लोपली नाहीत. इ. स. 888 च्या लॅटिन शिलालेखात ब्रानिमिर या ख्रिस्ती राजाचे नाव स्लाव्हच आहे. पुढे स्तेपान द्र्झिस्लाव, पेतार क्रेशिमिर, द्मितार झ्वोनिमिर अशी जोडनावे राजकुलात दिसतात. सर्वांत बोलका पुरावा क्र्क बेटावरील बाश्का येथील, सुमारे इ. स. 1100 च्या ग्लागोलिटिक शिलालेखाचा आहे. त्यात द्र्झिहा आणि दोब्रोवित या मठाधिपतींची नावे स्लाव्ह आहेत, तर साक्षीदारांत मार्तिनेत्स आणि याकोव ही नावे आढळतात. मठाधिपतीला संताचे नाव नाही आणि साक्षीदाराला आहे. तेव्हा नावावरून धर्मनिष्ठेचे अनुमान करणे किती धोक्याचे, हे येथे स्पष्ट होते.

उत्तर मध्ययुगात संतनामांचे प्राबल्य वाढत गेले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, 1566 च्या रोमन धर्मशिक्षाग्रंथाने बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव देण्याचा उपदेश केला, आणि चर्चच्या नोंदवह्यांमुळे त्या प्रथेस स्थैर्य आले. परंतु ही नावे परकी राहिली नाहीत. युराय याचे यूरे, स्तेपानचे स्तीपे, इवानचे इवो व इवित्सा अशी घरगुती रूपे झाली आणि ती लोकभाषेत पूर्ण मुरली.

एकोणिसाव्या शतकातील इलिरियन चळवळीने नावांना राष्ट्रीय अस्मितेचे साधन बनविले. झाग्रेबमध्ये जन्मलेल्या इग्नाझ फुक्स (1819-1854) या संगीतकाराने वातरोस्लाव लिसिन्स्की हे नाव घेतले. इग्नाझ या नावात लॅटिन ‘अग्नी’चा भास, म्हणून ‘वात्रा’ म्हणजे अग्नी. आणि फुक्स म्हणजे कोल्हा, म्हणून ‘लिसित्सा’ या शब्दावरून लिसिन्स्की. हंगेरियन भाषेत ‘लांडगा’ असा अर्थ असलेले फार्काश हे आडनाव ल्युदेवित वुकोतिनोविच (1813-1893) यांनी असेच ‘वुक’ शब्दाच्या आधारे बदलले. म्हणजे वातरोस्लाव हे दिसावयास प्राचीन असलेले नाव येथे प्रत्यक्षात एका लॅटिन नावाचे भाषांतर होते.

तोमिस्लाव या नावाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. दहाव्या शतकातील या राजाच्या राज्याची सहस्राब्दी 1925 साली साजरी झाली. 1928 मध्ये सर्ब राजवंशातील अलेक्झांडर राजाने आपल्या दुसऱ्या पुत्राचे नाव तोमिस्लाव ठेवले. 1941 मध्ये युगोस्लाव्हिया मोडून स्थापन झालेल्या क्रोएशियन राज्याच्या सिंहासनासाठी निवडलेल्या इटालियन राजपुत्र आयमोने याने ‘दुसरा तोमिस्लाव’ हे नाव धारण केले. तो त्या देशात कधी गेलाच नाही. युगोस्लाव्ह ऐक्य आणि त्याचा विच्छेद या परस्परविरोधी हेतूंसाठी तेरा वर्षांच्या अंतराने एकच नाव उपयोगात आले.

यावरून नामाभ्यासाच्या मर्यादेची कल्पना येते. व्युत्पत्ती धातूचा अर्थ सांगते, नाव देणाऱ्याचा हेतू सांगत नाही. तो हेतू कालक्रमानुसार लावलेल्या नोंदींतूनच शोधावा लागतो. स्वकीय मानलेले नाव कधी अलीकडचे भाषांतर ठरते, आणि परकीय मानलेले इवान अनेक शतके घरोघरी नांदत आलेले आढळते.