छावणीच्या आवारातले काळे तेल

लखनौ छावणीत मोटारीचे तेल आवारातच बदलण्याची रीत हौसेतून पडली, असे मला वाटत नाही. ती यंत्राच्या उणेपणातून आली आणि यंत्र सुधारले तशी मागे पडली. १८५७ पूर्वीची छावणी गोमतीपलीकडे मडियांवला होती. उठावात ती जळाली आणि नवी छावणी दिलकुशाच्या बाजूला वसली. ऐसपैस आवार, मागे तबेला आणि नोकरांच्या खोल्या, ही बंगल्यांची ठेवण घोडागाडीच्या काळातली. त्यामुळे मोटार आली तेव्हा तिच्यासाठी जागा तयारच होती. पण ती गाडी मालकाकडून काय मागत होती, हे पाहायला हवे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीला तेलाचा पंप नव्हता, फिल्टरही नव्हता. फिरते भाग तेल उडवत आणि तेवढ्यावरच वंगण होई. काजळी, धूळ, धातूचा कीस सगळे त्याच तेलात घोळत राही, म्हणून साडेसातशे ते हजार मैलांवर ते काढून टाकावे लागे. लखनौहून कानपूरच्या दहा फेऱ्या झाल्या की हजार मैल भरतात. एवढ्या वारंवार करायच्या कामासाठी गाडी कारखान्यात कोण नेणार?

अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये अमेरिकेत तेलाच्या फिल्टरचे पेटंट घेतले, तरी सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडाच भाग गाळत. अँबॅसेडरच्या काळातही काम किचकटच होते. लांब बोल्ट सोडून फिल्टरचे भांडे उतरवायचे, आतला गाळणारा भाग बदलायचा, भांडे धुवायचे आणि खोबणीतली जुनी रिंग टोकरून काढायची. ती तशीच राहून वर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच दाबाखालचे तेल बाहेर येई. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला फिरवून बसवायचा डबाबंद फिल्टर होता. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने तेल लावायचे, रिंग टेकली की हातानेच पाऊण फेरा आवळायचे, झाले. आणि काम इतके सोपे झाले तेव्हाच ते घराबाहेर गेले. तेलेही सुधारली होती. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ते दहा हजार किलोमीटरवर बदलले तरी चालते. वर्षातून एकदाच करायच्या कामासाठी घरी जॅक आणि पाने कशाला ठेवायचे?

यावर कोणी म्हणेल, हात काळे व्हायचे ते ड्रायव्हरचे, साहेबांचे नव्हेत, मग ही रीत घरची कशी? आक्षेप खरा आहे, पण त्याने माझे म्हणणे बळकटच होते. गाडीचे दुखणे ओळखणारा माणूस त्याच आवारात राहत होता. ते ज्ञान मागच्या खोल्यांतले होते, म्हणून बंगल्यांच्या इतिहासात त्याला जागा मिळाली नाही. हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप आजच्या हौशी मालकाचा: घरी बदलले तर पैसे वाचतात, निघालेल्या तेलातला कीस स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. दोन्ही खरे. मात्र काढलेले तीन-चार लिटर तेल जाणार कुठे? गंगेचे पाणी आणण्यासाठी अवधचा शासक गाजीउद्दीन हैदर याने खोदायला घेतलेला कालवा आज शहराचे सांडपाणी गोमतीत सोडणारा नाला झाला आहे. गटारात ओतलेले तेल अशाच नाल्यांतून नदीत जाते. वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. म्हणून काळे तेल रिकाम्या कॅनमध्ये भरून ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे पोचवणे, हा घरी तेल बदलण्याचाच भाग धरायला हवा.