कॅटलॉग इंडेक्स (बॅक्युला)

बॅक्युला या मुक्तस्रोत बॅकअप-प्रणालीच्या डेटाबेसातील इंडेक्स व त्यांची निगा. कोणती फाइल कोणत्या टेपवर किंवा डिस्कवर आहे, याची नोंद ज्या डेटाबेसात राहते त्यास कॅटलॉग म्हणतात. रिस्टोअर (फाइली परत आणणे) रखडले की बोल प्रथम टेपला आणि नेटवर्कला लागतो. पुष्कळदा टेप अजून हललेलीही नसते; वेळ कॅटलॉगातच जात असतो.

कर्न सिबाल्ड यांनी २००० मध्ये बॅक्युलाचे काम सुरू केले. २००२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बॅरिऑस ही तिचीच शाखा.

आकारमान : कॅटलॉग फुगतो तो 'फाइल' या तक्त्यामुळे. प्रत्येक बॅकअपमधील प्रत्येक फाइलमागे येथे एक ओळ पडते. बॅक्युलाच्या पुस्तिकेत ओळीमागे सरासरी १५४ बाइट धरले आहेत. तिथला हिशेब असा : दोन यंत्रे, प्रत्येकी १,००,००० फाइली, महिन्यात चार पूर्ण बॅकअप आणि २६ वाढीव बॅकअप, वाढीव बॅकअपमागे १०,००० फाइली. एकूण १३,२०,००० ओळी, म्हणजे २०,३२,८०,००० बाइट. उदाहरण जुन्या काळाला शोभणारे आहे; आजचा एखादा मेल-सर्व्हर एकटाच याच्या पुढे जातो.

मंदगतीची कारणे : निवडक फाइली परत हव्या असतील तर डायरेक्टर हा मुख्य प्रोग्राम संबंधित जॉबच्या (एका वेळच्या बॅकअपच्या) सर्व ओळी वाचून फोल्डरांचे झाड स्मृतीत उभे करतो. जॉब-क्रमांकावर इंडेक्स नसेल, तर प्रत्येक वेळी अख्खा तक्ता पालथा घालावा लागतो. असे इंडेक्स हाताने केलेल्या स्थलांतरात गळून पडतात, म्हणून पहिली तपासणी इंडेक्स आहे की नाही याचीच.

दुसरे कारण पोकळ इंडेक्स. कॅटलॉग पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत असेल, तर तिचा नेहमीचा इंडेक्स बी-ट्री जातीचा (बायर व मॅक्राइट, १९७२) असून त्याची पाने ८ किलोबाइटची असतात. व्हॅक्यूम ही तिची सफाई मृत नोंदी काढते, पण पूर्ण रिकामे झालेले पानच नव्या जागी वापरता येते. अर्धवट भरलेली पाने एकत्र केली जात नाहीत. येथे एक बारकावा सहसा सुटतो. जॉब-क्रमांक चढता असतो आणि छाटणीत (मुदत संपलेल्या नोंदी काढताना) जॉबच्या सर्व ओळी एकदम जातात. त्यामुळे जॉब-क्रमांकाने सुरू होणाऱ्या इंडेक्समध्ये सलग पाने मोकळी होतात. फोल्डर-मार्गाच्या क्रमांकाने सुरू होणाऱ्या इंडेक्सला मात्र जागोजागी भोके पडतात.

उपाय : आधी अ‍ॅनालाइझ, कारण त्याने ताजी होणारी तक्त्याची आकडेवारी शिळी राहिली तर इंडेक्स असूनही वापरला जात नाही. मग रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्सची नव्याने बांधणी. साधा रीइंडेक्स तक्त्यातील लेखन अडवतो, म्हणून तो बॅकअपच्या वेळेत चालवू नये. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०१९) लेखन न अडवणारा 'कन्करन्टली' हा पर्याय मिळतो. त्याला जादा डिस्क लागते आणि तो मध्येच तुटला तर निकामी इंडेक्स मागे उरतो, तो हाताने काढावा लागतो. इंडेक्स बांधताना वापरायच्या स्मृतीची मूळ मर्यादा ६४ मेगाबाइट आहे. मोठ्या तक्त्यासाठी ती वाढवणे फायद्याचे.

रीइंडेक्स ठरावीक मुदतीने करावा की गरजेपुरता, याविषयी मतभेद आहेत. जादा इंडेक्स घालण्याबाबत हात आखडता घ्यावा, कारण रिस्टोअरला मिळणारा वेग रोजच्या बॅकअपच्या लेखनातून वसूल होतो.

डीबीचेक : अनाथ नोंदी साफ करणारे साधन. स्वतः नीट चालण्यासाठी तेही तात्पुरते इंडेक्स मागते.

मायएसक्यूएल : तत्त्व तेच, आज्ञा वेगळ्या.

मर्यादा : फाइल-नोंदी ठेवण्याची मूळ मुदत ६० दिवस, जॉब-नोंदींची १८० दिवस. फाइल-नोंदी छाटल्या गेल्यावर झाड बांधताच येत नाही. तेव्हा अख्खा जॉब परत आणावा लागतो, नाहीतर बीस्कॅन या साधनाने टेप वाचून कॅटलॉग पुन्हा भरावा लागतो.